उमेदवार म्हणतो "अमुक लाखापर्यंत कर वाढणार नाही", पण कुणाचे अमुक लाख?

टिळकवाडीकर:
मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे म्हणून धागा काढतोय. भाचा न्यूजर्सीला असतो, तो आणि त्याची बायको दोघं नोकरी करतात, आणि फोनवर बोलताना टॅक्सचा विषय निघाला की आमचे दाजी ठासून सांगतात की तिकडं डेमोक्रॅट आले की पोराचा निम्मा पगार जाणार. बायडननी २०२० ला सांगितलं होतं की वर्षाला ४ लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्याला एक पैसाही जादा टॅक्स लागणार नाही, कमला हॅरिसनी २०२४ ला तोच आकडा कायम ठेवला. त्याआधी २००८ ला ओबामांचा आकडा अडीच लाख डॉलर होता, कुटुंबासाठी, आणि एकट्या माणसासाठी २ लाख. भाच्याचा एकट्याचा पगार ४ लाखाच्या बराच खाली, पण दोघांचा मिळून धरला तर जवळपास जातो. मग त्याला लागणार का नाही? हे साधं विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही, आणि तरी सगळे भांडतात.
माझं म्हणणं असं आहे की कुठल्याही उमेदवारानं उत्पन्नाचा आकडा सांगितला की तो आकडा नुसता ऐकायचा नाही, त्याला विचारायचं की हे एकट्याचं उत्पन्न की घराचं, हातात येणारं की वजावटी जाऊन उरलेलं, आणि आकड्याच्या वर १ रुपया गेला तर त्या १ रुपयावर कर की सगळ्यावर. ह्याच्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि हे फक्त अमेरिकेचं नाही, आपल्या बेळगावात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेपासून रेशन कार्डापर्यंत सगळीकडं हेच चाललंय. कुणाला काय अनुभव आहे सांगा.

खानापूरचा पावणा:
काका, सरळ सांगतो, हे आकडे मतांसाठी असतात ओ. ४ लाख डॉलरच्या वर तिकडं शंभरात एक-दोन लोक असतील. म्हणजे बाकीच्या अठ्ठ्याण्णव जणांना सांगायचं की तुमचं काय जात नाही, त्या दोघांकडून काढून तुम्हाला देतो. असं सांगितलं की कोण नाही म्हणणार? माझ्या मते सगळ्यांना एकच दर लावा, १० टक्के म्हणजे १० टक्के, मर्यादा बिर्यादा नकोच, म्हणजे कुणी कुणाला फसवणार नाही.

हिशेबनीस:
पावणे, एकच दर लावला तरी मर्यादा सुटत नाही, कारण वर्षाला लाखभर मिळवणाऱ्या शेतमजुराकडून १० हजार कोण काढणार, म्हणजे खाली कुठंतरी रेघ मारावीच लागते आणि रेघ मारली की परत हेच प्रश्न.
टिळकवाडीकर काका, तुमच्या दाजींचा जो समज आहे तो जगभर आहे. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ओहायोत एका प्लंबरनं ओबामांना रस्त्यात गाठून विचारलं होतं की मी अडीच ते २.८० लाख डॉलर मिळवणारा धंदा विकत घेणार आहे, तुमच्या योजनेत माझा टॅक्स वाढणार ना? टीव्हीवर ते इतकं गाजलं की पुढच्या डिबेटमध्ये दोन्ही उमेदवार त्याच माणसाचं नाव घेत राहिले. आता हिशोब बघा. वाढ साधारण ३ टक्क्यांची, ती पण अडीच लाखाच्या वरच्या रकमेवर. २.८० लाख निव्वळ मिळाले असं धरलं तरी वरचे ३० हजार, त्याचे ३ टक्के ९०० डॉलर. २.८० लाखातले ९०० डॉलर. पण ऐकणाऱ्या निम्म्या लोकांना वाटलं की अडीच लाखाच्या वर गेला म्हणजे सगळा धंदाच गेला.
पगारवाढ नको म्हणणारे लोक मी आपल्याकडं पण बघितलेत, "वरच्या स्लॅबमध्ये जाईन" म्हणून. स्लॅबचा दर फक्त त्या स्लॅबमधल्या रकमेला लागतो, खालच्या रकमेला खालचाच. एवढं जरी दहावीला नीट शिकवलं तरी अर्धे वाद मिटतील.

टिळकवाडीकर:
हे पटलं. पण भाच्याचं काय, दोघांचं मिळून धरायचं का?

न्यूजर्सीतला बेळगावकर:
ह्याचं उत्तर मी देतो, मी मूळचा अनगोळचा, इथं बरीच वर्षं झाली. अमेरिकेत नवराबायको एकत्र रिटर्न भरतात, बहुतेक सगळेच, त्यामुळं स्लॅब दोन प्रकारचे असतात, एकट्याचे वेगळे आणि जोडप्याचे वेगळे. बायडन निवडून आल्यावर नेमका हाच गोंधळ झाला होता. प्रचारात सगळीकडं "४ लाखापेक्षा कमी कमावणारा कुणीही" असं म्हटलं जायचं, लोकांनी समजून घेतलं की माणशी ४ लाख. मग २०२१ च्या मार्चमध्ये व्हाइट हाउसच्या प्रेस सेक्रेटरीनी सांगितलं की नाही, आकडा कुटुंबाचा. मग दोन महिन्यांनी प्रत्यक्ष प्रस्ताव कागदावर आला त्यात ३९.६ टक्क्यांचा दर एकट्यासाठी ४,५२,७०० डॉलरच्या वर आणि जोडप्यासाठी ५,०९,३०० च्या वर. म्हणजे ह्या दराच्या मर्यादेत ४ लाख हा आकडा तसाच्या तसा नव्हता!
आता बघा, दोघांचं करपात्र उत्पन्न २.६० लाख आणि २.६० लाख असलं आणि लग्न झालेलं नसलं तर दोघंही मर्यादेच्या खूप खाली. लग्न केलं की एकूण ५.२० लाख, म्हणजे मर्यादेच्या वर. वाढ किती, तर वरचे १०,७०० डॉलर आणि तिथला दर ३५ चा ३९.६, म्हणजे ५०० डॉलरच्या आत. निम्मा पगार वगैरे काही नाही. आणि तो प्रस्ताव पास झालाच नाही, वरचा दर ३७ टक्केच राहिला आणि २०२५ च्या कायद्यात तो कायमचा केला. काका, हे सांगून दाजींना शांत करा.

वडगावची माई:
तुमचं डॉलरचं चालू दे, पण मला एक सांगा, आपल्याकडं नवराबायकोचं एकत्र धरतात का वेगळं? माझी मुलगी आणि जावई दोघं बेंगळुरात आहेत, ते म्हणतात आम्हाला काहीच टॅक्स नाही, आणि शेजारचा मुलगा एकटाच कमावतो तो म्हणतो मला ३ लाख जातात. दोन्ही घरात पैसा सारखाच येतोय की.

हिशेबनीस:
माई, बरोबर विचारलंत. आपल्याकडं इन्कम टॅक्सला प्रत्येक माणूस वेगळा. २०२५ च्या बजेटनंतर नव्या पद्धतीत १२ लाखापर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर रिबेट म्हणजे करात थेट सूट मिळून कर शून्य होतो, पगारदाराला ७५ हजाराची स्टँडर्ड डिडक्शन धरून १२.७५ लाखापर्यंत. दोघं प्रत्येकी १२ लाखवाले असले तर घरात २४ लाख येऊन कर शून्य. एकट्यालाच करपात्र २४ लाख असले तर ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, मग १५ टक्क्यांचे ६० हजार, २० टक्क्यांचे ८० हजार, २५ टक्क्यांचा १ लाख, बेरीज ३ लाख आणि वर ४ टक्के सेस. घर तेवढंच, खाणारी तोंडं तेवढीच, फरक ३ लाख १२ हजारांचा. एका घरातली बाई आईवडिलांना सांभाळायला घरी राहिली तर त्या घराला जास्त कर लागतो. मला स्वतःला हे खटकतं. बाईचं वेगळं उत्पन्न वेगळं मानणं चांगलंच आहे, ते जाऊ नये, पण एका पगारावर चालणाऱ्या घराला काहीतरी हिशेब मिळायला पाहिजे.

गणपत गल्ली:
मला ह्या विषयावर बोलायचंच होतं. आमचं छोटं दुकान आहे, नाव सांगत नाही. २०२५ च्या जुलैत सगळ्या कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या ते आठवत असेल. चहावाले, बेकरीवाले, भाजीवाले सगळे हादरले, क्यूआर कोडचे स्टिकर काढून "फक्त कॅश" अशी पाटी लावली लोकांनी. नंतर मुख्यमंत्र्यांनी मागची बाकी वसूल करणार नाही असं जाहीर केलं म्हणून जीव भांड्यात पडला.
तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला समजावून सांगताना माझी दमछाक झाली. जीएसटीची मर्यादा माल विकणाऱ्याला ४० लाख आणि सेवा देणाऱ्याला २० लाख, पण ती उलाढालीची. तुमच्या खिशात किती उरलं त्याचा संबंध नाही. इन्कम टॅक्सची मर्यादा १२ लाख, ती उत्पन्नाची. आमच्यासारख्याची उलाढाल ६० लाख असेल, सगळी यूपीआयवर, छोट्या धंद्यांना ठोक नफा धरायची सोय आहे त्याप्रमाणं ६ टक्के धरला तर उत्पन्न ३.६० लाख. म्हणजे इन्कम टॅक्सच्या दृष्टीनं मी गरीब आणि जीएसटीच्या दृष्टीनं मोठा व्यापारी.
आणि खरा फटका पुढंच आहे. गृहलक्ष्मीची अट बघा, घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २ हजार, पण ती किंवा नवरा इन्कम टॅक्स भरत असेल किंवा जीएसटी रिटर्न भरत असेल तर नाही. मी जीएसटी रजिस्ट्रेशन घेतलं की बायकोचे वर्षाचे २४ हजार गेले. उत्पन्न तेच ३.६० लाख. पलीकडं १२ लाख पगार घेणारा शून्य कर भरतो. मला सांगा ह्यात न्याय कुठला? मी योजनेच्या विरोधात नाही, माझ्या बहिणीचं घर त्या २ हजारावर चालतं हे मी डोळ्यानं बघतोय. पण अट लिहिताना उलाढाल आणि उत्पन्न एकाच तराजूत कुणी घातलं?

वडगावची माई:
माझ्या नणंदेला २ हजार येतात, मधे मधे हप्ते रखडतात, पण येतात. त्यातून नातवाची फी जाते. ह्या योजनेमुळं घरातल्या बाईच्या नावानं सरकारनं बँकेत पैसे टाकलेत, हे लहान नाही.
पण मला रेशन कार्डाचं बोलायचंय. बीपीएलची मर्यादा वर्षाला १.२० लाख. म्हणजे महिन्याला १० हजार, सगळ्या घराचे. आता विणकराच्या घरात नवरा मागावर, बायको कांड्या भरते, पोरगा दुकानात जातो, दोघातिघांचं मिळून १० हजाराच्या आत कोण असेल हो आजच्या दिवसात? सरकारनंच ठरवलेलं किमान वेतन पूर्ण महिना एकाला मिळालं तरी १० हजाराच्या वर जातं. म्हणजे कायद्यानं पगार मिळाला तर कार्ड जाणार. २०२४ च्या नोव्हेंबरात कार्डं रद्द करायला लागले तेव्हा आमच्या गल्लीत बायका रात्री झोपल्या नव्हत्या, कारण कार्ड म्हणजे नुसते तांदूळ नाहीत, दवाखाना आहे. बीपीएलला ५ लाखापर्यंत उपचार, एपीएल झालं की सरकार ३० टक्केच देणार, ते पण वर्षाला दीड लाखापर्यंत. मग सांगा, १.२० लाखाच्या वर १ हजार रुपये जादा मिळवले म्हणून हार्टच्या ऑपरेशनचे लाखभर रुपये पदरचे घालायचे?

हिशेबनीस:
माई, तुम्ही अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत, काकांनी वर जो तिसरा प्रश्न लिहिलाय तोच हा. काही मर्यादा चढासारख्या असतात, ओलांडल्या तरी बोजा हळूहळू वाढतो, आणि काही मर्यादा कड्यासारख्या असतात, एक पाऊल पुढं टाकलं की खाली.
इन्कम टॅक्समध्ये पण कडा आहे पण तिथं कठडा लावलाय. नव्या पद्धतीत १२ लाख १० हजार उत्पन्न झालं तर सरळ हिशोबानं कर ६१,५०० येतो, म्हणजे १० हजार जादा मिळवले आणि ६१ हजार गेले. असं होऊ नये म्हणून मार्जिनल रिलीफ आहे, कर १० हजारच घेतात, सेस वेगळा. साधारण १२ लाख ७० हजारापर्यंत हे चालतं. पण जुन्या पद्धतीत ५ लाखाची मर्यादा आहे तिथं असा रिलीफ नाही. ५ लाखाला शून्य, ५ लाख १० रुपयाला सेस धरून १३ हजार २ रुपये. दहा रुपयासाठी १३ हजार!
आणि बघा, १२ लाखवाल्यासाठी दिल्लीत बसून कठडा बांधला, आणि १.२० लाखवाल्यासाठी कुणी बांधला नाही. खरी पडझड तिथंच होते. १.२० लाखाच्या वर गेलेल्याचं कार्ड एकदम काढून घेण्यापेक्षा तांदूळ आधी कमी करा, उपचाराचा वाटा ५ लाखावरून टप्प्याटप्प्यानं खाली आणा, असं करता येतं. पण प्रचारात ह्यावर बोलताना मी आजवर कुणाला ऐकलं नाही, कुठल्याच पक्षाचा.

खानापूरचा पावणा:
बरं मग मर्यादा वाढवा म्हणा की, १.२० ची ३ लाख करा. विषय संपला.

न्यूजर्सीतला बेळगावकर:
वाढवली तरी पुढच्या दहा वर्षांत परत तिथंच येणार, कारण महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही. हा प्रश्न काकांच्या यादीत राहिलाय असं मला वाटतं. इथं इन्कम टॅक्सचे स्लॅब दर वर्षी महागाईप्रमाणं सरकतात, कुणाला घोषणा करावी लागत नाही. पण काही मर्यादा तशाच गोठून राहिल्यात. म्हाताऱ्यांच्या सोशल सिक्युरिटी पेन्शनवर कर लागायची मर्यादा एकट्याला २५ हजार डॉलर आणि जोडप्याला ३२ हजार, ही १९८४ पासून तीच आहे. तेव्हा थोडे सुखवस्तू म्हातारे त्यात येत होते, आता साधे साधे लोक येतात. २०२४ ला ट्रम्पनी "पेन्शनवर कर नाही" अशी घोषणा दिली ती म्हणूनच इतकी चालली. प्रत्यक्ष २०२५ च्या कायद्यात ती मर्यादा तशीच ठेवून ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ६ हजार डॉलरची वजावट दिली, ती पण एकट्याचं उत्पन्न ७५ हजाराच्या वर गेलं की कमी कमी होत जाते, आणि फक्त २०२८ पर्यंत.
अजून एक आहे. १९६९ मध्ये इथल्या अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की २ लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या १५५ लोकांनी काहीच इन्कम टॅक्स भरला नाही. लोक इतके चिडले की म्हणे व्हिएतनामच्या युद्धापेक्षा जास्त पत्रं त्यावर आली. त्या १५५ लोकांना पकडायला किमान कराचा कायदा केला. पुढं महागाईप्रमाणं मर्यादा हलवली नाही आणि काही वर्षांनी त्याच जाळ्यात मास्तर, नर्स यायला लागले, दर वर्षी तात्पुरती ठिगळं लावायला लागायची. शेवटी २०१३ च्या सुरुवातीला ती मर्यादा महागाईला कायमची जोडली.

टिळकवाडीकर:
हे फार महत्त्वाचं सांगितलंत, मी पहिल्या पोस्टमध्ये हा प्रश्न घातलाच पाहिजे. आपल्याकडं ओबीसी आरक्षणातून सुखवस्तू म्हणून वगळायच्या क्रीमी लेयरचे ८ लाख २०१७ पासून तेच आहेत, जुन्या पद्धतीतले २.५० लाख २०१४ पासून तेच. ह्या काळात मास्तरांचे पगार कुठले कुठं गेले.

कडोलीचा शेतकरी:
काका तुम्ही ८ लाखाचं काढलं म्हणून विचारतो. माझ्या भावाच्या पोराला ओबीसीचा दाखला काढताना केंद्राच्या नियमाप्रमाणं पगार आणि शेतीचं उत्पन्न ८ लाखात धरत नाहीत म्हणाले, आणि दुसऱ्या पावण्याच्या पोरीला ईडब्ल्यूएसचा म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचा दाखला काढताना नाडकचेरीत शेतीचं, पगाराचं, भाड्याचं सगळं धरलं. दोन्हीकडं ८ लाखच लिहिलंय. हे खरं का कुणीतरी सांगताना चुकलं?

हिशेबनीस:
दादा, खरं आहे. आकडा तोच, मोजायची पद्धत वेगळी. ओबीसीच्या क्रीमी लेयरमध्ये पगार आणि शेती बाहेर ठेवून इतर उत्पन्न बघतात, आणि आईवडील कुठल्या पदावर आहेत, जमीन किती हे वेगळं तपासतात. ईडब्ल्यूएसमध्ये कुटुंबाचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न, आणि त्यात ५ एकर किंवा त्याच्या वर शेती असली तर उत्पन्न कितीही कमी असो, बाद. खानापूरच्या डोंगरातली ५ एकर वरकस जमीन आणि चिकोडी-रायबागकडची कृष्णेच्या पाण्यावरची ५ एकर ऊसजमीन सारखीच धरली जाते. ज्याच्या आरटीसी उताऱ्यावर ६ एकर खडक आहे तो सुखवस्तू ठरतो.

कडोलीचा शेतकरी:
मग आता माझंच विचारतो. मी नोकरी करतो, करपात्र पगार बरोबर १२ लाखाच्या आत बसतो, आणि ऊस-भाजीपाल्याचे खर्च जाऊन ३ लाख सुटतात. शेतीला टॅक्स नाही म्हणतात म्हणजे मला शून्य ना?

हिशेबनीस:
इथं भल्याभल्यांची फसगत होते. शेतीवर कर नाही हे बरोबर, पण शेतीचं निव्वळ उत्पन्न ५ हजाराच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न मूळ ४ लाखाच्या सुटीच्या वर असेल तर दर ठरवण्यासाठी शेतीचं उत्पन्न मिळवतात. तुमचं १२ लाख आणि ३ लाख मिळून १५ लाखावर कर काढायचा, तो १,०५,००० येतो. मग ४ लाख आणि शेतीचे ३ लाख असे ७ लाखावरचा कर त्यातून वजा करायचा, तो १५ हजार. राहिले ९० हजार. त्यातून रिबेट जास्तीत जास्त ६० हजार. उरले ३० हजार, सेस धरून ३१,२००. "१२ लाखापर्यंत शून्य" ही घोषणा ऐकून तुम्ही गप्प बसला असता तर नोटीस आली असती. रिटर्न भरायच्या आधी तुमच्या सीएला शेतीचा आकडा आवर्जून सांगा, पट्टी आणि खताची बिलं जपून ठेवा.

कडोलीचा शेतकरी:
बरं झालं विचारलं. साखर कारखान्याच्या पट्ट्या हायत माझ्याकडं, बिलं गोळा करतो.

गणपत गल्ली:
मला अजून एक विचारायचंय सगळ्यांना. आपल्याकडं विधानसभेला, महापालिकेला उभे राहणारे येऊन सांगतात "टॅक्स कमी करू". अहो कुठला टॅक्स तुमच्या हातात आहे ते तर सांगा.

न्यूजर्सीतला बेळगावकर:
अगदी. न्यूयॉर्कला २०२५ ला ममदानी मेयर म्हणून निवडून आले, त्यांचा प्रस्ताव आकड्याच्या बाबतीत स्वच्छ होता, वर्षाला १० लाख डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर २ टक्के जादा शहर कर. कुणाला लागणार हे सगळ्यांना समजलं. पण मेयरला तो स्वतः लावता येत नाही, ऑल्बनीला राज्याच्या विधिमंडळानं मंजूर करावा लागतो. मतदारांना हे माहीत होतं, डिबेटमध्ये त्यांना सरळ विचारलं जायचं की ऑल्बनी नाही म्हणाली तर काय.

हिशेबनीस:
आपल्याकडं इन्कम टॅक्स पूर्ण केंद्राचा. आमदाराच्या हातात जो पगारावरचा कर आहे तो फक्त व्यवसाय कर, ज्याला आपण पीटी म्हणतो, आणि त्यावर पण घटनेच्या कलम २७६ नं वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातलीय, १९८८ पासून. मर्यादा गोठण्याचं हे उलटं उदाहरण, इथं सामान्य माणसाच्या फायद्याची. त्यामुळं कुणी आमदारकीचा उमेदवार इन्कम टॅक्सवर बोलायला लागला तर त्याला विचारा की पीटीचं, मालमत्तेच्या नोंदणीचं, रेशन कार्डाच्या मर्यादेचं काय करणार ते सांगा, कारण ते तुमच्या सहीनं होतं.

वडगावची माई:
आणि वस्तूवरच्या जीएसटीला उत्पन्नाची मर्यादाच नाही हे पण विचारा. साबणाची वडी मी घेतली आणि कारखानदारानं घेतली तरी कर तोच. २०२५ च्या सप्टेंबरात साबण आणि केसाच्या तेलावरचा १८ चा ५ केला तेव्हा माझ्या घराला जेवढा उपयोग झाला तेवढा १२ लाखाच्या घोषणेचा झाला नाही, कारण आमच्या गल्लीत ५ लाखवाले पण हाताच्या बोटावर मोजण्याइतके. पेपरात मात्र पहिल्या पानावर १२ लाखच.

शिनोळी शिफ्ट:
वाचतोय सगळं मघापासून. पीटीचा विषय निघाला म्हणून विचारतो. मी राहायला उचगावला, कामाला शिनोळीच्या एमआयडीसीत. इकडचे मित्र उद्यमबागेत आहेत, २३-२४ हजार पगार, त्यांचं पीटी कापत नाहीत. माझा पगार पण तेवढाच, माझे २०० कापतात. कंपनीवाले म्हणतात नियम आहे. कसला नियम ओ, एवढ्याशा अंतरावर वेगळा?

हिशेबनीस:
वेगळाच आहे. उद्यमबाग कर्नाटकात, इथं २०२३ च्या एप्रिलपासून महिन्याला २५ हजाराच्या खाली पगार असेल तर पीटी शून्य, आधी १५ हजार मर्यादा होती. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र. तिथं पुरुषांना १० हजाराच्या वर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००. तुम्ही राहता कुठं ते बघत नाहीत, काम कुठं करता ते बघतात. त्यामुळं तुमचे कापतात ते बरोबर आहेत, वर्षाला २,५००.

शिनोळी शिफ्ट:
म्हणजे राहायचं कर्नाटकात, बायकोला लाडकी बहीण मिळत नाही कारण आम्ही महाराष्ट्राचे रहिवासी नाही, आणि माझा पीटी मात्र महाराष्ट्र घेणार. सीमेवरच्या माणसानं कुणाच्या उमेदवाराला विचारायचं हे? ६०-७० वर्षं आम्ही भाषेसाठी भांडतोय ते वेगळं, पण ह्या दोन-दोनशे रुपयाचा जाब तरी कुणीतरी द्यायला पाहिजे.

टिळकवाडीकर:
तुमचा प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडचे पुढारी सीमाभागावर भाषणं करतात, मग इकडं राहून तिकडं काम करणाऱ्यांचं काय हा प्रश्न दोन्हीकडं लेखी द्यायला पाहिजे. मी मसुदा लिहितो, तुमच्यासारखे अजून कोण असतील त्यांनी इथंच सांगा.

हिशेबनीस:
शिनोळीवाले दादा, एक विचारतो. तुमच्या घरातल्या किंवा ओळखीच्या कुणी बाई तिकडं कामाला आहेत का? महाराष्ट्रात बायकांना महिन्याला २५ हजारापर्यंत पीटी नाही, २०२३ च्या एप्रिलपासून. काही ठिकाणी पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनंच बसलेलं असतं.

शिनोळी शिफ्ट:
वहिनी हायत माझ्या, पॅकिंगला, १८ हजार पगार. थांबा, स्लिप मागवतो व्हॉट्सॲपवर.

शिनोळी शिफ्ट:
आली स्लिप. २०० कापलेत ओ. मागच्या महिन्याची पण बघितली, त्यात पण २००.

हिशेबनीस:
जेवढ्या स्लिपा मिळतील तेवढ्या गोळा करा आणि एचआरला लेखी अर्ज द्या, तोंडी नको. अर्जात एवढंच लिहा की महिला कर्मचारी, मासिक पगार २५ हजाराच्या आत, व्यवसाय कर लागू नाही, कापलेली रक्कम परत करावी. पोच घ्या. त्यांच्याबरोबर पॅकिंगला अजून बायका असतील तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज दिला तर अजून चांगलं.

शिनोळी शिफ्ट:
बऱ्याच जणी हायत, बेळगुंदी, तुडये, उचगावच्या. वहिनींना सांगतो सगळ्यांच्या स्लिपा घ्यायला. अर्ज मराठीत चालेल ना?

हिशेबनीस:
महाराष्ट्रातली कंपनी आहे, मराठीतच द्या.